उंच पीक आणि बुटके जनुक



हरितक्रांतीची गोष्ट आपल्याकडे साधारण अशी सांगतात. जुना गहू उंच होता, वाऱ्यापावसात लोळायचा, उतारा कमी द्यायचा. मग मेक्सिकोहून बुटका गहू आला आणि देशाची कोठारे भरली. गोष्ट खोटी नाही. पण उंची हा जुन्या पिकाचा दोषच होता, असे एक गृहीत तिच्यात दडलेले आहे, आणि आज मला त्या गृहीताविषयी बोलायचे आहे. माझे म्हणणे असे की उंची मुळात दोष नव्हती. शेतात नत्र पडू लागल्यावर ती दोष ठरली. भरपूर खतपाणी दिलेले पीक उभे कसे ठेवायचे, या एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे बुटकेपणाचे जनुक. हा प्रश्न जिथे आहे तिथे त्या उत्तराला तोड नाही. जिथे शेतकऱ्यापुढचा प्रश्नच निराळा आहे तिथे तेच उत्तर निरुपयोगी ठरते, कधी नुकसानही करते. आणखी एक गोष्ट या चर्चेत सहसा येतच नाही. झाड बुटके करण्याचे मार्ग अनेक आहेत. बाहेरून सारखीच दिसणारी दोन बुटकी रोपे आतून अगदी वेगळी असू शकतात, आणि कोणत्या मार्गाने उंची कमी केली यावर त्या पिकाच्या पुढच्या गरजा ठरतात.

पीक लोळते तेव्हा काय होते ते आधी पाहू. गव्हाला नत्र वाढवून दिले की फुटवे वाढतात आणि रान दाट होते. बुडाशी सावली पडते, सावलीत खालची पेरे लांबतात आणि त्यांच्या भिंती पातळ राहतात. वर ओंबी मात्र पूर्वीपेक्षा जड झालेली असते. अशा वेळी एखादा अवकाळी पाऊस, सोबत वारा आला की काडी बुडातून वाकते आणि पीक आडवे होते. दाणा दुधात असताना हे घडले तर दाणे भरत नाहीत, चिमतात. पुढे कापणीचेही हाल होतात. म्हणजे उंच गव्हाच्या शेतकऱ्याला खताची एक मर्यादा होती. तिच्यापलीकडे टाकलेले खत उत्पन्न वाढवण्याऐवजी घटवायचे. पण त्या मर्यादेच्या आत, थोड्या शेणखतावर आणि जमिनीतल्या ओलाव्यावर येणाऱ्या पिकात हीच उंची कामाची होती. ओंबी हलकी असल्याने काडी तिला पेलायची, उंच पीक तणाला वर येऊ द्यायचे नाही, आणि भुशावर बैल जगायचे. पुशाच्या संस्थेत आल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने निवडलेले एनपी मालिकेतले गहू उंचच होते. त्या काळच्या शेताला ते शोभणारेच होते. त्यांना मागास म्हणणे म्हणजे बैलगाडीच्या रस्त्यावर मोटार का धावत नाही असे विचारण्यासारखे आहे.

बुटका गहू कुठे जन्मला हेही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. अमेरिकेचे माजी कृषी आयुक्त होरेस कॅप्रन जपान सरकारचे सल्लागार म्हणून तिकडे गेले होते. १८७३ मध्ये त्यांनी लिहून ठेवले की जपानी शेतकऱ्याने गहू बुटका करण्याची कलाच साधली आहे; काडी दोन फुटांच्या वर क्वचितच जाते आणि कितीही खत घातले तरी पीक लोळत नाही. जपानात जमीन थोडी आणि सोनखत, मासळीचे खत मुबलक. नत्राचा प्रश्न तिथे रासायनिक खताच्या कितीतरी आधी उभा राहिला होता, म्हणून त्याचे उत्तरही तिथेच आधी सापडले. दारुमा नावाचा तिथला एक बुटका गहू फुल्ट्झ या अमेरिकी जातीशी, आणि त्या संकराची संतती पुढे टर्की रेड या दुसऱ्या अमेरिकी जातीशी जोडली गेली. त्यातून गोंजिरो इनाझुका यांनी १९३५ मध्ये इवाते प्रांतातून नोरिन १० हे वाण दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, सॅल्मन नावाच्या अमेरिकी कृषिशास्त्रज्ञाने त्याचे बियाणे अमेरिकेत पाठवले. वॉशिंग्टन राज्यात ऑर्व्हिल व्होगेल यांनी ते ब्रेव्हर या स्थानिक गव्हाशी संकरित केले, आणि तिथून ते नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती मेक्सिकोत पोचले. पिटिक ६२, पेंजामो ६२ आणि त्यामागोमाग सोनोरा ६४, लेर्मा रोहो ६४ ही वाणे त्यातून आली. हा सगळा प्रवास खत भरपूर किंवा पाणी हाती असलेल्या रानांमधून झाला आहे.

इथे कोणी म्हणेल की बुटकी झाडे काय, जगात कुठेही सापडतात. त्यात जपानचे विशेष काय? विशेष आहे. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांचे सहकारी १९५० च्या दशकात याच्याच मागे होते. त्यांनी आखूड, ताठ काडीच्या इतर गहू प्रकारांशी संकर करून पाहिले, किरणोत्साराने उत्परिवर्तनेही घडवली. काडी आखूड झाली, पण तिच्याबरोबर ओंबीही आखूड झाली आणि दाणे घटले. नोरिनच्या जनुकांनी काडी तेवढी छाटली, ओंबीला धक्का लावला नाही. उलट ओंबीचा फायदाच झाला. फुलोऱ्याच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत काडी आणि ओंबी एकाच वेळी झपाट्याने वाढत असतात आणि पानांनी तयार केलेल्या साखरेसाठी त्यांच्यात ओढाताण चालते. काडीची मागणी घटली की ओंबीला वाटा जास्त मिळतो, जास्त फुले तग धरतात आणि दाण्यांची संख्या वाढते. जमिनीवरच्या एकूण वजनात दाण्याचा हिस्सा जुन्या उंच गव्हात एक तृतीयांशाच्या आसपास असे. नव्या वाणांत तो निम्म्याजवळ पोचला. झाडाने एकूण काही फार जास्त तयार केले नाही, तयार झालेल्यातला काडीचा हिस्सा दाण्याकडे वळला. पुढे ज्वारीकडे वळू तेव्हा ही गोष्ट ध्यानात असू द्या.

आता हे घडते कसे? नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांना 'जीए' म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. घड मोकळा व्हावा, मणी फुगावा म्हणून जे जिबरेलिक आम्ल ते वापरतात, तेच संप्रेरक गहू-भाताची काडी लांबवते. त्याचा शोध एका रोगातून लागला. भाताची काही रोपे बाकीच्यांच्या डोक्यावर भरमसाट वाढून अखेर मरतात. १९२६ मध्ये एइची कुरोसावा यांनी तैवानात दाखवून दिले की त्या रोपांवरच्या बुरशीतून पाझरणाऱ्या द्रव्यानेच ही वाढ होते. पुढे कळले की हे द्रव्य निरोगी झाडही स्वतः, नेमक्या मात्रेत, तयार करते. झाडाच्या पेशीत डेला नावाची प्रथिने वाढीवर ब्रेक लावून बसलेली असतात. जिबरेलिन आले की एक ग्राहक प्रथिन त्याला धरते, मग डेलाला पकडते, आणि पेशी त्या डेलाची विल्हेवाट लावते. ब्रेक सुटतो, पेशी लांबतात, काडी वाढते. नोरिन १० मधली दोन जनुके, आजच्या नावाने आरएचटी-बी१बी आणि आरएचटी-डी१बी, गव्हाच्या ४बी आणि ४डी या गुणसूत्रांवर आहेत. ती या डेला प्रथिनाचीच बदललेली रूपे आहेत, हे इंग्लंडमधल्या जॉन इन्स केंद्राच्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवले. प्रत्येकात डीएनएचे एकच अक्षर बदलले आहे. त्या बदलामुळे प्रथिन सुरुवातीलाच तुटते आणि नंतरच्या भागापासून पुन्हा बनू लागते. ग्राहकाने जिथे पकडायचे तोच तुकडा गळालेला असल्याने हा ब्रेक जिबरेलिनने सुटत नाही. मग गव्हाचे झाड अगदीच खुजे होऊन का बसत नाही? कारण चपातीच्या गव्हात तीन पूर्वजांचे तीन जनुकसंच आहेत. एका संचातला ब्रेक अडकला तरी उरलेल्या दोहोंतले नीट चालतात. एका जनुकाने उंची साधारण पाचव्या-सहाव्या हिश्शाने घटते, दोन्ही एकत्र आली की बरीच जास्त.

भाताचे जनुक मात्र निराळे. तैवानच्या डी-जिओ-वू-जेन या बुटक्या भातातून ते फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गेले, पेटा या उंच इंडोनेशियन भाताशी जोडले गेले आणि १९६६ मध्ये आयआर८ बाहेर पडले. एसडी१ नावाचे हे जनुक जिबरेलिन तयार करण्याच्या साखळीतला एक विकर बनवते. डी-जिओ-वू-जेनमध्ये त्यातला ३८३ अक्षरांचा तुकडाच गहाळ आहे, हे २००२ मध्ये कळले. म्हणजे भातात ब्रेक शाबूत आहे, तो सोडवणारे संप्रेरकच काडीत कमी पडते. फुलोऱ्यात त्याच कामाचे दुसरे जनुक चालते, म्हणून लोंबीला झळ लागत नाही. हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. एका ट्रेत बुटक्या गव्हाची आणि बुटक्या भाताची रोपे शेजारी शेजारी लावा आणि दोघांना जिबरेलिनचे पाणी द्या. पंधरवड्यात भाताची रोपे उंच वाणासारखी सरसर वाढलेली दिसतील. गव्हाची रोपे जिथल्या तिथेच राहतील. रोप बोटभर असतानाच त्यात नोरिनचे जनुक आहे की नाही हे ओळखायला गव्हाचे पैदासकार डीएनए चाचण्या येण्याआधी हीच युक्ती वापरत. आणि एक चमत्कार पाहा. जपानात गॅमा किरणांनी घडवलेले रेमेइ, कॅलिफोर्नियात त्याच पद्धतीने मिळालेले कॅलरोझ ७६, या भातांचा तैवानशी काही संबंध नव्हता. पण तपासल्यावर त्यांच्यातही बिघडलेले जनुक एसडी१च निघाले. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी, जनुक काय ते ठाऊक नसताना, हजारो रोपांतून नेमके हेच उचलले, कारण दाणा न घटवता काडी तेवढी कमी करणारे दरवाजे फार थोडे आहेत.

मग उंची हा दोषच होता असे यावरून सिद्ध होत नाही का? याला एसडी१नेच उत्तर दिले आहे. बांगलादेशच्या पूरमैदानांत एक भात पेरतात, त्यावरून पाण्याचा लोंढा गेला तर ते दिवसाला २०-२५ सेंटिमीटर वाढून डोके पाण्याबाहेर ठेवते. २०१८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ही करामत कोणत्या जनुकाची ते शोधले. ते निघाले एसडी१. त्या भातात ते बिघडलेले नाही. बुडाल्यावर झाडात इथिलीन साठते आणि त्या इशाऱ्यावर हे जनुक कित्येक पटींनी जास्त काम करू लागते. एकाच जनुकाचा निकामी अवतार फिलिपाइन्सच्या बांधबंदिस्त खाचरात वरदान आणि जोरकस अवतार ब्रह्मपुत्रेच्या पुरात वरदान. इतके लांब जायचे नसेल तर गोव्याच्या खाजन जमिनी पाहा. बांध घातलेल्या चांगल्या शेतात गोव्याचा शेतकरी जया लावतो. हे भारतात १९६८ मध्ये निघालेले पहिल्या बुटक्या भातांपैकी एक. पण जिथे खारे पाणी शिरते आणि पावसाचे पाणी साचून राहते, त्या खाजनात तो उंच कोरगुटच धरून राहिला. कोरगुट लोळतो हे त्याला ठाऊक आहे. तरी लोळणारे पीक बुडणाऱ्या पिकापेक्षा बरे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की बुटकी वाणे ही खत विकण्याची सोय होती. शेतकऱ्याला रसायनाची चटक लावायला ती आणली. या आक्षेपात तथ्य आणि अन्याय दोन्ही मिसळले आहेत. अन्याय आधी सांगतो. १९६५ आणि १९६६ ची लागोपाठ दुष्काळी वर्षे, अमेरिकेच्या पीएल ४८० या कायद्याखालच्या गव्हाची जहाजे, रेशनच्या रांगा हे ज्यांनी वाचले आहे त्यांना १९६६ मध्ये १८,००० टन बियाणे का मागवले हे समजायला हरकत नाही. १९६४-६५ च्या विक्रमी वर्षात देशात सुमारे १ कोटी २३ लाख टन गहू पिकला होता. १९६७-६८ मध्ये सुमारे १ कोटी ६५ लाख टन, १९७०-७१ मध्ये २ कोटी ३८ लाख टनांच्या घरात. नांगरटीखाली तेवढी नवी जमीन आणणे शक्यच नव्हते. शिवाय जनुक स्वतः खत मागत नाही. खत न घातलेल्या शेतातही बुटका गहू दाण्याकडे थोडा जास्त वाटा वळवतोच. आता तथ्याचा भाग. डेलाचा अडकलेला ब्रेक काडीपुरता थांबत नाही. २०१८ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवले की साठलेले डेला प्रथिन जीआरएफ४ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला दाबते, आणि जमिनीतून नत्र उचलणे व कर्ब बांधणे ही कामे त्या जीआरएफ४ च्या इशाऱ्यावर चालतात. म्हणजे बुटकी वाणे मुळाशी असलेले नत्र घेण्यात काहीशी मठ्ठ आहेत. तेवढीच उचल करायला त्यांना भोवती जास्त नत्र लागते. १९६० च्या दशकात हे कोणालाच ठाऊक नव्हते, तेव्हा कट वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. पण युरियाची गोणी स्वस्त असताना हा अवगुण कोणाला दिसला नाही हे खरे, आणि आपल्या विहिरींच्या पाण्यात नायट्रेट उतरत असताना तो पाहणे भाग आहे.

याच ब्रेकचा दुसरा परिणाम कोरडवाहू शेतकऱ्याला जास्त झोंबणारा आहे. दाणा उगवताना कोवळ्या पानावर एक टोकदार आवरण असते, त्याला कोलिओप्टाइल म्हणतात. ते माती भेदत वर येते आणि त्याच्या आतून पान सुखरूप बाहेर पडते. नोरिनच्या जनुकांनी काडीच्या पेशींबरोबर या आवरणाच्या पेशीही आखूड केल्या. जुना गहू आपला शेतकरी पाभरीने खोल, ओलीत टाकायचा. वरची माती सुकली तरी खालच्या ओलीवर दाणा उगवायचा आणि लांब आवरण त्याला वर आणायचे. बुटका गहू तितका खोल पडला की आवरण मातीतच संपते, पान आतच चुरमडते आणि रान विरळ उगवते. म्हणूनच १९६० च्या दशकात बुटक्या गव्हाबरोबर शिफारशी आल्या, की पेर दोन-अडीच इंचांपेक्षा खोल नको आणि पेरणीनंतर तीन आठवड्यांच्या सुमारास, मुकुटमुळे फुटताना, पहिले पाणी चुकवू नका. शिफारशी चोख होत्या. पण उथळ पेर म्हणजे वरच्या थरात ओल हवी, आणि ती ओल म्हणजे विहीर, कालवा किंवा वीजपंप. ज्याच्याकडे यातले काही नव्हते त्याच्यासाठी ते उत्तर नव्हतेच. बुटकेपणाचे जनुक तेवढे वेगळे, बाकी सारे सारखे अशी जोडवाणे घेऊन इंग्लंड-ऑस्ट्रेलियात चाचण्या झाल्या आहेत. खतपाणी चांगले असेल तिथे बुटके वाण पुढे राहते. तापलेल्या, कोरड्या रानात त्याची आघाडी विरघळते, कधी उंच भावंडच पुढे जाते.

दुसरा आक्षेप अलीकडे फार ऐकू येतो: बुटका गहू माणसाच्या पोटाला बाधतो, ग्लुटेन त्यातच आले, म्हणून खपली गव्हाकडे परत चला. खपली चवीला उत्तम आहे, ती जरूर खावी, पण हे कारण टिकत नाही. ग्लुटेनची प्रथिने बनवणारी जनुके पहिल्या आणि सहाव्या गटाच्या गुणसूत्रांवर आहेत. बुटकेपणाची ही दोन जनुके चौथ्या गटावर. खपलीतही ग्लुटेन असते, आणि सिलिअॅकच्या रुग्णाला दोन्ही गहू वर्ज्यच. बुटका गहू जनुकबदल तंत्राने केलेला आहे हाही एक गैरसमज. तो चिमट्याने परागकोश काढून, हाताने परागीकरण करून केलेला साधा संकर आहे. मात्र या आक्षेपाच्या शेजारीच एक खरी तक्रार उभी आहे आणि तिच्याकडे लोकांचे लक्ष कमी जाते. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड येथे ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ पासून गहू घेतला जातो आहे आणि जुन्या दाण्यांचे नमुने जपून ठेवले आहेत. ते तपासल्यावर आढळले की दाण्यातले जस्त, लोह, तांबे आणि मॅग्नेशियम १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ स्थिर होते आणि बुटकी वाणे लागल्यावर ते घटत गेले, मातीत ते कमी झाले नव्हते तरी. दाण्यात पिष्ट जास्त भरले आणि खनिजे त्या मानाने पातळ झाली. ज्याच्या ताटात चपातीखेरीज फारसे काही नसते त्याच्यासाठी हा तोटा किरकोळ नाही. जास्त जस्ताचे गहू आता पैदासकार मुद्दाम निवडतात, ते यासाठीच.

ज्वारीकडे येतो, कारण महाराष्ट्रात हा प्रश्न खरा तिथे कळतो. ज्वारीत बुटकेपणाची चार जनुके अमेरिकेत ओळखली गेली आणि तिथे ज्वारी कमरेएवढी करण्यामागे नत्राइतकेच मोठे कारण होते ते कम्बाइन हार्वेस्टर. यंत्राच्या पात्याला उंच ताट चालत नाही. त्यांतले डीडब्ल्यू३ हे जनुक ऑक्झिन या निराळ्याच संप्रेरकाची वाहतूक अडवते. शिवाय ते अस्थिर आहे: त्यातला ८८२ अक्षरांचा दुबार झालेला तुकडा अधूनमधून गळतो आणि बुटक्या रानात एखादे ताट अचानक उंच निघते. शेतकऱ्याला वाटते बियाण्यात भेसळ आहे. तर या यंत्रासाठी घडलेल्या कम्बाइन काफिर ६० ला मादी म्हणून घेऊन १९६४ मध्ये भारतातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच १, तयार झाली. खरिपात तिने आणि तिच्या पुढच्या पिढ्यांनी दाण्याचा उतारा खूप वाढवला, यात शंका नाही. पण रब्बीत, सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, मालदांडीला कोणी हटवू शकले नाही. मोहोळच्या केंद्रात निवडलेली एम ३५-१ ही मालदांडी चांगली उंच आहे. ती लोळते तेव्हाही नत्राने लोळत नाही. रब्बी ज्वारीला पाणी नसते. ओल संपत आली की बुडात खडखड्याची बुरशी शिरते, ताट आतून पोकळ होते आणि कोसळते. त्यावर उपाय म्हणजे शेवटपर्यंत हिरवे राहणारे ताट, आखूड ताट नव्हे. शिवाय इथे काडी म्हणजे दुसरे पीकच. दाण्याचा भाव क्विंटलवर होतो तसा कडब्याचा शेकडा पेंढ्यांवर होतो, आणि दुष्काळी साली कडबाच घर तारून नेतो. मघाशी सांगितले की बुटकेपणाने काडीचा वाटा दाण्याकडे वळतो. ज्या शेतकऱ्याला दोन्ही हवे आहेत त्याला हा सौदा कशाला हवा? राहुरी आणि परभणीच्या विद्यापीठांनी रब्बीसाठी दिलेली फुले वसुधा, परभणी मोती ही वाणे उंच आहेत ती याच जाणिवेने.

यावर कोणी विचारेल की मजूर मिळत नसताना आणि पोरे ज्वारी उपटायला तयार नसताना हे उंच ताट किती दिवस टिकेल? प्रश्न रास्त आहे. जिथे गोठा मोकळा झाला आहे, कडबा बांधावर सडतो आहे आणि कापणीला यंत्र आणणे भाग आहे, तिथे प्रश्न बदलला आणि उत्तरही बदलायला हवे. तिथे कंबरभर ज्वारी निवडण्यात काही गैर नाही. माझा विरोध बुटक्या वाणाला नाहीच, कोणाच्या शेतासाठी हे न विचारता बुटके ते सुधारलेले असे मानण्याला आहे.

आणि आता निवडीला वावही मोठा आहे. नोरिनची दोन जनुके जगभरातल्या गव्हात इतकी पसरली की दुसरे मार्ग बाजूला पडले. पण आरएचटी१८ नावाचे एक जनुक ब्रेकला हात न लावता झाडातले जिबरेलिन मोडणारे विकर वाढवते. अशा गव्हाची काडी आखूड होते पण कोवळ्या रोपाचे ते टोकदार आवरण बऱ्यापैकी लांब राहते, म्हणजे खोल पेर शक्य होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने आरएचटी१४ आणि आरएचटी१८ ही दोन्ही जनुके बन्सीच्या जातकुळीतल्या, म्हणजे ड्युरम गव्हात ६ए गुणसूत्रावर नेमकी कुठे आहेत ते शोधून त्यांच्या डीएनए खुणा तयार केल्या आहेत. कोरडवाहू रान आणि भाताची धसकटे न जाळता त्यातच होणारी पेरणी, या दोन्हींचा विचार त्यामागे आहे. चीनमध्ये २०२३ मध्ये याहून वेगळी वाट दाखवली गेली. तिथे डेलाचे ते जनुक शेजारच्या दुसऱ्या एका जनुकासह पूर्ण काढून टाकलेले गहू ब्रॅसिनोस्टेरॉइड या तिसऱ्याच संप्रेरकाच्या बाजूने बुटके झाले, आणि कमी नत्रावरही त्यांनी चांगला उतारा दिला.

ही वाणे पुढच्या काही वर्षांत शेतापर्यंत येतील. म्हणून विद्यापीठांच्या शिवारफेरीला जाणाऱ्या शेतकरी बंधुभगिनींना माझी विनंती आहे. नव्या वाणापाशी उभे राहिलात की एकरी क्विंटल विचाराच. पण हे वाण किती खोल पेरलेले चालते, निम्म्या खतात काय देते, आणि ज्वारी असेल तर कडबा किती निघतो, हेही विचारा. ही मोजमापे केंद्रावर घेतलेली असतात, ती मागून घ्या.